गर्द, इबोगेन आणि जिभेखालची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुपारी शेजारच्या वाड्यावरच्या एक काकी आमच्याकडे आल्या. पदराआड छोटा स्टीलचा डबा होता. माझी थोरली बहीण, तिला आम्ही माई म्हणतो, चहा ठेवायला आत गेली तशी काकींनी डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "हेंच मरे तें वखद?" म्हणजे, हेच ना ते औषध?

आत प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी पूड होती. सुताराच्या करवतीखाली पडतो तसा भुसा, पण वस्त्रगाळ. वास घेतला तर पावसाळ्यात उपटलेल्या मुळांचा यावा तसा. ती इबोगाच्या, म्हणजे इबोगेन हे औषध ज्यातून निघतं त्या झुडपाच्या, मुळाची साल होती की दुसऱ्याच कुठल्या झाडाची, की त्यात आणखी काही मिसळलेलं होतं, हे मला सांगता आलं नाही. नुसत्या डोळ्यांनी ते कुणालाच सांगता येणार नाही. काकींचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, किनाऱ्यावर कामाला जातो, दोन वर्षं गर्दवर, म्हणजे हेरॉइनच्या नशेवर, आहे. कुणा पाहुण्याने त्याला सांगितलं आणि त्याने अकरा हजार रुपये मोजून ती पूड मिळवली. मित्राच्या भाड्याच्या खोलीत शनिवारी रात्री घ्यायची असं ठरलं होतं. काकींना ती कपाटात कपड्यांखाली सापडली. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की किती द्यायची.

माझ्याकडे त्या का आल्या हे सांगायला हवं. मी मेक्सिकोला जाऊन कसलंसं झाड घेऊन एका रात्रीत बरा झालो, ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती पसरवणारा पहिला माणूस मीच. २०२० च्या जानेवारीत मी ती चहाच्या दुकानावर, देवळाच्या सभामंडपात, भेटेल त्याला सांगत होतो. त्या गोष्टीचा दुसरा भाग मी कधी मोठ्याने सांगितला नाही. तो डबा समोर आल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कृपया कापू नये, ही विनंती.

मी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. क्रूझ बोटीच्या किचनमध्ये नऊ वर्षं होतो. २०१४ मध्ये रशाचं भरलेलं भांडं उतरवताना ओल्या लादीवर पाय घसरला आणि कमरेतली चकती सरकली. फ्लोरिडात उतरवलं, तिथे दुखण्यावर ऑक्सिकोडोनच्या, अफूच्या जातीच्या, गोळ्या सुरू झाल्या. त्या काळात तिकडे त्या गोळ्या सढळ हाताने देत. दुखणं थांबायचंच, पण त्याबरोबर घरापासून दूर असल्याची जी एक बारीक कळ प्रत्येक तारवट्याच्या पोटात असते ना, तीही थांबायची. मला वाटतं मी त्या दुसऱ्या गोष्टीत अडकलो. २०१५ मध्ये घरी आलो तेव्हा ऑक्सिकोडोन संपलं होतं आणि ट्रॅमॅडॉल, तशाच जातीचं पण सौम्य औषध, मात्र फार्मसीत सहज मिळत होतं. दिवसाला दोन कॅप्सूल, मग सहा, मग मोजणं सोडून दिलं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमॅडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आणलं. नियम योग्यच होता. पण जे आधीच गळ्यापर्यंत बुडाले होते त्यांनी कुठे जायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी किनाऱ्यावर गेलो आणि गर्दची पहिली पुडी घेतली. पन्नी, काडी, धूर. पुढचं सविस्तर लिहीत नाही. ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे.

एकच सांगतो. माईच्या लग्नातल्या दोन पाटल्या होत्या. नवरा वारल्यावर ती माहेरी आली तेव्हा तेवढंच सोनं तिच्याबरोबर आलं होतं. एक पाटली ती झोपलेली असताना मी काढून नेली आणि म्हापशात विकली. दुसरी तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच काढून माझ्या उशाशी ठेवली. एक शब्द बोलली नाही.

मध्यंतरी एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने ठेवलं. नाव देत नाही. तिथे टर्की लागल्यावर औषध नव्हतं, कुलूप होतं. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर सतत काटा, पाय आपोआप झाडले जातात, उलट्या, जुलाब, आणि आठ-दहा दिवस झोप नाही. नशा तुटली की होणारं, ज्याला आम्ही टर्की म्हणतो ते हे. बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी मी परत किनाऱ्यावर होतो.

२०१९ च्या सप्टेंबरात बोटीच्या अपघाताची भरपाई हातात आली. बोटीच्या लॉन्ड्रीत काम केलेल्या एका मेक्सिकन मित्राने इबोगेनबद्दल सांगितलं. आम्ही भावंडांनी विचार केला आणि भरपाईतली मोठी रक्कम त्यात घातली. मी डिसेंबरात गेलो.

आता हे औषध काय आहे ते सांगतो, कारण काकींच्या मुलाला ज्याने पूड विकली त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. इबोगा हे मध्य आफ्रिकेतलं झुडूप. गॅबॉन देशात ब्विती पंथाचे लोक दीक्षाविधीत त्याच्या मुळांची साल खातात. आपल्याकडची तगर, देवचाफा, सदाफुली आणि कण्हेर ही त्याच कुळातली झाडं. इथेच एक सांगून ठेवतो, परसातली तगर कुणी उपटायला जाऊ नये. कण्हेरीचं विष हृदयावर जातं हे आपल्या आज्या सांगत आल्या. इबोगेन त्याहून वेगळं आहे, पण त्याचाही धोका हृदयालाच आहे. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने ते नशेसाठी म्हणून घेतलं. तो हेरॉइनवर होता. दीड दिवसाने त्याच्या लक्षात आलं की टर्की लागलीच नाही आणि हेरॉइनची आठवणही येत नाही. त्याने पुढचं सगळं आयुष्य या औषधामागे घालवलं. अमेरिकेत त्यावर बंदी आली ती आजही आहे, म्हणून लोक मेक्सिकोला जातात. अलीकडे, २०२५ मध्ये, टेक्सास राज्याने त्यावर रीतसर चाचण्या करण्यासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले. आपल्या देशात ते औषध म्हणून मंजूर नाही.

मेक्सिकोतलं ते केंद्र समुद्राकाठी होतं. आम्ही पाच जण होतो. पहिले चार दिवस इबोगेनचं नावही नाही. ईसीजी, पुन्हा ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, यकृताची तपासणी. आधीचं सगळं बंद करून थोडा वेळ टिकणारं मॉर्फिन मोजून देत, म्हणजे टर्कीही लागू नये आणि शरीरात दुसरं काही शिल्लकही राहू नये. आमच्यातला एक अमेरिकन गृहस्थ पन्नाशीचा होता, बायको बरोबर आली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला ईसीजीची पट्टी दाखवून सांगितलं, तुम्हाला देता येणार नाही. हृदयाचा ठोका पडल्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला त्याला थोडा वेळ लागतो, तो पट्टीवर मोजता येतो, त्याला क्यूटी म्हणतात. इबोगेन हा वेळ वाढवतं. तो आधीच जास्त असेल तर हृदय ठोका देण्याऐवजी नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे ढकलणं थांबतं. रक्तातलं पोटॅशियम कमी असलं की हा धोका आणखी वाढतो. आणि उलट्या-जुलाबांनी नेमकं पोटॅशियमच कमी होतं. म्हणजे टर्कीने बेजार झालेला मुलगा खोलीत बसून ही पूड घेतो तेव्हा त्याचं हृदय सगळ्यात कच्चं असतं. तो अमेरिकन गृहस्थ अंगणातल्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. मला त्याची दया आली होती. आज वाटतं, त्या डॉक्टरांनी त्याला परत पाठवून त्याच्या बायकोला तिचा नवरा दिला.

पाचव्या संध्याकाळी सात वाजता मला कॅप्सूल दिल्या. अंधारी खोली, डोळ्यांवर पट्टी, हाताला सलाईन, छातीला तारा, उशाशी बादली आणि खुर्चीत नर्स. पाऊण तासाने कानात आवाज सुरू झाला. आषाढात पत्र्यावर पाऊस लागून राहतो ना, तसा एकसारखा, थांबेचना. उठून बसायला गेलो तर खोली होडीसारखी कलली. नऊ वर्षं बोटीवर काढलेला माणूस मी, मला पहिल्यांदा बोट लागली.

मग डोळे मिटलेले असताना दिसायला लागलं. देव दिसला नाही, प्रकाश दिसला नाही. आमचं मिठागर दिसलं. बाबा आगरात काम करायचे, मी दहावीत असताना ते गेले. उन्हात ते लाकडी फळीने मीठ ओढत होते आणि बांधावर ढीग लावत होते. माझ्याकडे पाठ. मी बांधावर उभा. एक ढीग, दुसरा, तिसरा. मी मोजत राहिलो. त्यांनी वळून पाहावं असं फार वाटलं, ते वळले नाहीत. मग ढिगांच्या जागी माईचा हात दिसला. पाटली नाही, नुसतं मनगट. पाटली वर्षानुवर्षं जिथे बसलेली होती तिथली कातडी गोरी राहिली होती, ती पट्टी. तेवढंच, खूप वेळ. मी घरी रोज तो हात बघत होतो, वाढताना, भांडी घासताना. ती गोरी पट्टी मी कधी पाहिली नव्हती.

किती तास गेले ते नर्सने नंतर सांगितलं. मध्ये माझी नाडी बेचाळीसवर आली होती, दर थोड्या वेळाने ती ईसीजीची पट्टी काढून डॉक्टरांना दाखवत होती, शिरेतून मॅग्नेशियम चालू होतं. मला यातलं काही कळलं नाही. खोलीत एकटा असतो तर ही काळजी कुणीच घेतली नसती.

पहाटेनंतर दृश्यं थांबली आणि विचार सुरू झाले. अंग लाकडासारखं, उजेड सहन होत नव्हता, पण डोकं स्वच्छ. दुसरी रात्रही झोप नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की जांभया नाहीत, नाक वाहत नाही, अंगावर काटा नाही. ज्या टर्कीला भिऊन मी पाच वर्षं रोज घेत होतो ती आलीच नाही. हे खरं आहे. मी ते नाकारणार नाही, आणि ज्यांच्या बाबतीत असं झालं त्यांना खोटं ठरवणार नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे, हात पुढे करून बाईवर संमोहन करणारा. आपल्या कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसला जाऊन सांगितलं की जे सामर्थ्य दिसतं ते प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसतं, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असतं. परतल्यावर एकदा त्या पुतळ्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो होतो. टर्की थांबवली ती औषधाने, त्याबद्दल मला शंका नाही. पण बाबा आणि माईचा हात झाडाने दाखवले असं मला वाटत नाही. ते माझ्याचपाशी होते, वर गर्द साचली होती.

आता दुसरा भाग.

जानेवारीत परत आलो. वजन वाढलं, कदंब बसमध्ये चढताना कंडक्टरने ओळखलं नाही. माईने देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, ते फेडलं. गावातली चार मुलं येऊन विचारून गेली. मी म्हणालो, एक रात्र, संपलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बोटी बंद, काम नाही, घरात बसून. मे महिन्यात गर्द पहिल्यांदा स्वप्नात आली. नुसता पन्नीचा वास. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी बरा झालेला माणूस होतो. बरा झालेल्या माणसाने असं सांगायचं कसं? परतल्यावर मला ना डॉक्टर होता, ना कुठला गट, ना कसली गोळी. केंद्राने जाताना एक कागद दिला होता त्यावर लिहिलं होतं, योग करा, चांगल्या लोकांत राहा. माझा त्या केंद्रावर याबाबत राग आहे. रात्र त्यांनी नीट सांभाळली. त्यानंतरचं आयुष्य त्यांच्या हिशेबात नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी गेलो आणि घेऊन आलो. जुन्या मापाने घेतली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे ठळक करून सांगतो आहे: काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते. पूर्वी ज्या मापाने नुसती टर्की थांबत होती तेच माप आता जीव घेतं. इबोगेन घेतलेला असो, केंद्रातून सुटलेला असो की तुरुंगातून आलेला असो, परत घेण्याची पहिली वेळ ही सगळ्यात घातकी.

माई सांगते, तिला खोलीतून घोरण्याचा आवाज आला. जड, घशात पाणी असल्यासारखा, मध्येच थांबणारा. तिला वाटलं, किती दिवसांनी गाढ झोपलाय, झोपू दे. ती दाराशी उभी राहिली, मग परत गेली, मग का कोण जाणे पुन्हा आली आणि दिवा लावला. ओठ निळे-काळे, नखं तशीच. तिने १०८ ला फोन केला आणि तोवर मला कुशीवर वळवून थोबाडीत मारत, नावाने हाका मारत राहिली. इस्पितळात नॅलोक्सोनचं, गर्दचा असर उतरवणारं, इंजेक्शन दिलं आणि मी श्वास घ्यायला लागलो. ज्यांच्या घरात गर्दवर असलेला मुलगा आहे त्यांनी तो आवाज लक्षात ठेवावा. ते घोरणं नसतं. उठत नसेल तर वाट पाहू नका.

इस्पितळातून एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी मला उपदेश केला नाही. मी मेक्सिकोचं सांगितल्यावर त्यांनी नीट ऐकलं, प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, टर्की थांबवणं हे काम काही दिवसांचं, पण ओढ वर्षं राहते, तिच्यासाठी रोजचं औषध लागतं, मधुमेहाला लागतं तसं. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. मेंदूत ज्या कुलपात गर्दची किल्ली बसते त्याच कुलपात ही गोळी जाऊन बसते, घट्ट. टर्की लागत नाही, ओढ शमते, पण चढतही नाही. वरून कुणी गर्द घेतलीच तर ती आत शिरायला जागा फारशी नसते. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायची नाही. ती दहा मिनिटं मी रोज सकाळी अंगणात माईने लावलेल्या अबोलीपाशी बसून काढतो. पाच वर्षं झाली. एकदा घसरलो, २०२१ मध्ये, तीन दिवस. चौथ्या दिवशी जाऊन सांगितलं. बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, यादीतून नाव काढून टाकलं नाही. सध्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. माईच्या हातात दोन्ही पाटल्या आहेत, नव्या.

ही गोळी मेक्सिकोइतकी रंगतदार नाही. तिच्याबद्दल चहाच्या दुकानावर कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नव्हतो. लोक म्हणतात, एक व्यसन सोडून दुसरं धरलंस. एका ठिकाणी तर औषध द्यायला बसलेल्या माणसानेच रांगेत सगळ्यांसमोर हे मला सुनावलं. त्या दिवशी रांगेतला एक मुलगा गोळी न घेता निघून गेला. तो परत आला की नाही मला माहीत नाही, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही.

इबोगेनबद्दल अभ्यास काय सांगतात तेही मी या डॉक्टरीणबाईंकडून समजून घेतलं. मेक्सिकोत ३० जणांना दिलं, त्यांचा माग ठेवला. महिन्याभराने निम्म्यांनी मागच्या तीस दिवसांत गर्द किंवा तशा गोळ्या घेतल्या नव्हत्या. निम्मे ही थोडी संख्या नाही, पण बाकीचे निम्मेही माणसंच आहेत. न्यूझीलंडमध्ये, जिथे डॉक्टर ते लिहून देऊ शकतात, तिथल्या अभ्यासात १४ जण होते आणि त्यातला एक उपचारादरम्यान मेला. १९९० ते २००८ या काळात आफ्रिकेबाहेर इबोगेन घेतल्यावर दगावलेल्या १९ जणांची नोंद झाली. ज्यांची पुरती माहिती मिळाली त्यांच्यातल्या बहुतेकांना आधीपासून काही आजार होता किंवा शरीरात दुसरी नशा होती. आपल्या किनाऱ्यावरच्या खोलीत बसलेल्या मुलाच्या शरीरात काय काय असतं हे मला माहीत आहे. मी तोच मुलगा होतो.

यातलं संशोधन थांबवा असं मी म्हणत नाही, उलट ते आपल्याकडेही व्हावं. इस्पितळात, मॉनिटरखाली, कायद्याने, आणि पुढची काही वर्षं माणसाचा हात न सोडता. पण त्याला वेळ लागेल, आणि काकींच्या मुलाकडे तेवढा वेळ नाही. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफू, गर्द किंवा तशा औषधांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. त्यांच्यासाठी आज हातात आहे ती ही गोळी. मला सुरुवातीला तिच्यासाठी दोन बस बदलून जावं लागे. रोजंदारीवरचा मुलगा आठवड्यातून एक दिवस बुडवून किती महिने जाईल? प्रत्येक तालुक्याच्या इस्पितळात ती मिळावी, नॅलोक्सोन प्रत्येक १०८ गाडीत आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात असावं, आणि गोळी देणाऱ्या माणसाने ती अपमान करून देऊ नये, एवढं सरकारकडे मागणं आहे. एकांतवासाची, अंतर्मनाच्या प्रवासाची जाहिरात करून बंगल्यांत असली पूड देणाऱ्यांवरही लक्ष हवं. पण पकडायचं ते विकणाऱ्याला. टर्कीत तडफडणाऱ्या पोराला पकडून काय मिळणार?

आणखी एक, कारण काकींना पहिली भीती पोलिसांचीच होती. एनडीपीएस कायद्यात ६४अ हे कलम आहे. जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला जातो आणि उपचार पुरे करतो, त्याच्यावर सेवनाचा किंवा थोडी मात्रा बाळगल्याचा खटला चालवला जात नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फोन फुकट आहे. हे दोन आकडे शाळेच्या, देवळाच्या, चर्चच्या फलकावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

त्या रविवारी मी काकींना हे सगळं सांगितलं, एवढं सलग नाही, अडखळत. माई चहा घेऊन आली ती तशीच उभी राहून ऐकत होती. माझं घोरणं आणि निळे ओठ हा भाग तिनेच सांगितला, मला जमला नाही. काकींनी बराच वेळ डब्याचं झाकण उघड-बंद केलं. मग म्हणाल्या, तुझ्याच हाताने टाक. पूड संडासात ओतून मी पाणी सोडलं. संध्याकाळी मुलगा स्वतः आला, चिडलेला होता, अकरा हजारांचा हिशेब मागत होता. मी त्याला अंगणात बसवलं. त्याने विचारलं, मेक्सिकोत खरंच काय दिसलं? मी मिठागराचं सांगितलं. तो म्हणाला, त्याचे बाबाही आगरात जायचे.

येत्या मंगळवारी सकाळच्या पहिल्या बसने आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहोत. काकींचा डबा आमच्याकडेच राहिला आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून माईने तो घासून त्यात यंदाची कोकमाची सोलं भरून ठेवली आहेत.

आपला,
एक वाचक, पेडणे

(नाव व पत्ता आपल्याला कळवला आहे. माझ्या बहिणीसाठी आणि त्या मुलासाठी तो छापू नये, ही विनंती.)